हजार वॉटचा हट्ट

सायकलला मोटार बसवायची ठरवलेल्या माणसाला आज मिळणारा सल्ला जवळपास ठरलेला आहे. हब मोटार घेऊ नकोस, मिड-ड्राइव्ह घे. आणि घेतोच आहेस तर अडीचशे वॉटच्या खेळण्यावर पैसे घालवू नकोस. साडेसातशेची घे, जमलं तर हजारची. परत परत खर्च करण्यापेक्षा एकदाच काय ते होऊन जाऊ दे. दुकानात हेच ऐकू येतं, सायकलवाल्यांच्या रविवारच्या चहावर हेच, आणि किट मागवून देणाऱ्या मध्यस्थाच्या तोंडीही हेच. या सल्ल्याचा पहिला भाग बऱ्याचदा बरोबर असतो. दुसरा भाग मात्र पहिल्याचं कारणच पुसून टाकतो. हा सल्ला देणारे लोक अनुभवी आहेत, सायकलवर जीव असलेले आहेत. म्हणूनच त्यांचं म्हणणं उडवून न लावता त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे.

मिड-ड्राइव्हचं सगळं मोठेपण ती कुठे बसते यात आहे. ती चाकात नाही, पायडलांच्या मधे बसते आणि तिचा जोर चेनमधून, म्हणजे आपल्याच गिअरमधून, मागच्या चाकाला जातो. हब मोटारीला हे जमत नाही. चाक फिरेल त्याच हिशोबात ती फिरणार. सपाटीवर वीस-पंचवीसच्या वेगाला ती सुखात असते. घाटात वेग आठ-दहावर आला की तिचे फेरे मंदावतात, करंट वाढत जातो, आणि बॅटरीतली वीज चाक फिरवण्याऐवजी तांब्याची गुंडाळी तापवण्यात खर्ची पडते. मिड-ड्राइव्हवाला अशा वेळी खालचा गिअर टाकतो. सायकल हळू होते, पण मोटार तिच्या सोयीच्याच फेऱ्यांवर राहते. यामाहाने १९९३ मध्ये जपानमध्ये ‘पास’ ही सायकल आणली, तेव्हाची कल्पना हीच होती: मोटार क्रँकपाशी, पायाचा जोर मोजणारा सेन्सर, आणि माणूस जेवढा जोर लावेल फार तर तेवढीच मोटारीची भर. थोडी ताकद नेमकी वापरायची म्हणून ही मोटार जन्माला आली. तिच्यातच हजार वॉट कोंबायचे असतील, तर ती पायडलांपाशी बसवण्याची यातायात कशासाठी करायची?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे घाट. अडीचशेची मोटार घाट चढत नाही, असं ठासून सांगितलं जातं. मग घाटाचाच हिशोब करू. वाईहून पाचगणीला नेणारा पसरणी घाट घ्या. अंतर साधारण १२ किलोमीटर, चढाई पावणेसहाशे मीटरच्या आसपास. माणूस, सायकल, बॅटरी आणि पाठीवरची पिशवी मिळून ११० किलो धरा. एवढं वजन तेवढ्या उंचीवर न्यायला लागणारी ऊर्जा १७२ वॉट-तास भरते. टायरच्या घर्षणापोटी ३५ ते ४० मिळवा. बारा किलोमीटरच्या वेगाला वाऱ्याचा विरोध किरकोळ असतो, तो सोडून देऊ. एकूण झाले २१० वॉट-तास. तासाभरात घाट चढायचा तर चाकापाशी सरासरी २१० वॉट हवेत. त्यातले ७० पायांनी दिले, आणि धडधाकट माणसाला तेवढे तासभर देणं मुळीच जड नाही, तर मोटारीच्या वाट्याला उरतात १४०. मोटार आणि कंट्रोलर मिळून ७५ टक्के कार्यक्षम धरले, तरी बॅटरीतून जातात १८५-१९० वॉट-तास. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या अगदी साध्या बॅटरीत ३६० असतात. निम्म्या बॅटरीत पाचगणी!

सरासरीमागे उभे चढ दडलेले असतात, हे खरं आहे. एखाद्या वळणावर चढ आठ टक्क्यांवर गेला, तर तिथे वेग नऊवर आणायचा. त्या वेगाला २४५ वॉटच्या आसपास लागतात. माणसाने ८० दिले की मोटारीला १६५. अडीचशेच्या आतच.

मग ‘चढली नाही’ ही तक्रार येते कुठून? ती खोटी नसते. पण अशी तक्रार आली की मी आधी मागच्या चाकाकडे बघतो, आणि बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. आपल्या रस्त्यावरच्या साध्या सायकलला पुढे ४४ दात्यांचं चेनव्हील आणि मागे १८ दात्यांचं एकच फ्रीव्हील असतं. पायडलच्या एका फेऱ्यात ती पाच मीटर पुढे जाते. नऊच्या वेगाला क्रँक मिनिटाला तीसच फेरे घेते, आणि बाफांगच्या किटसारख्या मोटारीला सत्तर-ऐंशी फेरे मानवतात. तीस फेऱ्यांवर तीही हब मोटारीसारखीच गुदमरते आणि तापते. त्याच सायकलला मागे १४ ते ३४ दात्यांचं सात गिअरचं फ्रीव्हील टाकलं आणि पुढे ४२ चं चेनव्हील ठेवलं, तर शेवटच्या गिअरमध्ये एका फेऱ्याला अडीच मीटरच्या थोडं वर अंतर पडतं. नऊच्या वेगाला फेरे साठाच्या जवळ येतात. मोटार तीच, वॉट तेच, आणि सायकल चढते. हजार वॉटची मोटार एका गिअरवर घाट चढेलही, यात शंका नाही. पण ती चढते ती मिड-ड्राइव्ह म्हणून नव्हे, नुसत्या अंगबळावर. आणि त्या अंगबळाची किंमत चेन, बॅटरी आणि गुंडाळी मोजतात.

खोक्यावरच्या न्यूटन-मीटरच्या आकड्यांनीही असाच घोळ घातला आहे. टोंगशेंगच्या टीएसडीझेड-२ वर ८० लिहिलेलं असतं, बाफांगच्या बीबीएस-०२ ची जाहिरात १२० ची, बीबीएस-एचडी १६० ची. शेजारी हब मोटारीवर ४० दिसतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, दुप्पट-चौपट ताकद! पण हबचे ४० हे थेट चाकावरचे आहेत आणि मिड-ड्राइव्हचे ८० क्रँकवरचे. ते चाकापर्यंत पोचताना गिअरच्या प्रमाणात बदलतात. पुढे ४२, मागे ३४ असेल तर ८० चे ६५ होतात. मागे १४ असेल तर २७ उरतात, म्हणजे हबपेक्षाही कमी. जो माणूस गिअर बदलतच नाही, त्याच्या हाती ८० वाली मिड-ड्राइव्ह ही ४० वाल्या हबपेक्षा कमजोर मोटार आहे. सोलापूर-नागपूरसारख्या सपाट शहरात घर ते कचेरी एवढंच ज्याचं काम आहे, त्याने चांगली हब मोटार घ्यावी. ती स्वस्त पडते, चेन खात नाही आणि पावसाळ्यात कमी त्रास देते. मिड-ड्राइव्हच्या बाजूने बोलताना हे सांगितलंच पाहिजे.

माझ्या विरुद्ध पक्षाकडे एक वजनदार मुद्दा आहे. ते म्हणतात, युरोपातल्या नामांकित मोटारींवर २५० वॉट लिहिलेलं असतं, पण बॉशच्या परफॉर्मन्स लाइन सीएक्सची चौथी पिढी क्षणिक सहाशे वॉटपर्यंत जाते आणि ८५ न्यूटन-मीटर देते. म्हणजे अडीचशे हा नुसता कागदावरचा आकडा झाला. आकडे बरोबर आहेत. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. अडीचशे हा आकडा मोटार न तापता सलग किती देत राहील याचा आहे. झटक्यात किती देईल याचा नाही. आपल्याकडचा नियमही तीस मिनिटांची शक्ती मोजतो, एका क्षणाची नाही. सिग्नलला उठताना, खड्ड्यातून वर येताना, वळणावरच्या उभ्या तुकड्यावर काही सेकंद जास्त जोर लागतो, आणि नीट बनवलेली अडीचशेची मोटार तो देते. मग पायाचा जोर कमी झाला की तीही हात आखडते, तापली की स्वतःहून मागे सरते. सहाशेचा तो क्षण हजाराची सलग मोटार घेण्याचं समर्थन कसं काय होतो? उलट त्या मोटारीचं यश सेन्सर आणि सॉफ्टवेअरमध्ये आहे, हेच त्यातून दिसतं. शिवाय बॉशची मोटार सुटी विकत मिळत नाही. तिच्यासाठी फ्रेमच वेगळी बनवावी लागते. आपल्या जुन्या सायकलला बसवायचं म्हटलं तर प्रश्न बाफांग किंवा टोंगशेंगसारख्या किटचाच उरतो.

आणि तिथे निवडताना वॉटपेक्षा सेन्सर जास्त महत्त्वाचा आहे. बीबीएस मालिकेतल्या मोटारी पायडल फिरतंय की नाही एवढंच बघतात. पाय नुसता फिरवला तरी ठरलेला करंट सुटतो. चढावर पाय जड झाला याची त्यांना खबर नसते. टीएसडीझेड-२ दांड्यावरचा पीळ मोजते आणि त्या प्रमाणात मदत देते. रोज चालवणाऱ्याला हा फरक पहिल्याच चढावर पायांत कळतो, आणि चेनला तर तो जास्तच कळतो. गुडघे दुखणाऱ्या, वय झालेल्या माणसाला पाय फिरवताच मिळणारी मदत सोयीची वाटू शकते, त्याच्यासाठी बीबीएस बरी. पण हे ठरवताना वॉटचा आकडा कुठेच येत नाही.

आता अपग्रेडकडे येऊ, कारण खरं नुकसान तिथे होतं. मोटार बसून सहा महिने झाले की पुढचा सल्ला तयारच असतो: कंट्रोलरचा करंट वाढव, ४८ ची बॅटरी काढून ५२ ची लाव, नायलॉनचा गिअर काढून धातूचा टाक.

करंटचं गणित सोपं आहे. गुंडाळीतली उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. १८ अँपिअरचे २५ केले तर जोर चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि उष्णता जवळजवळ दुप्पट होते. मोटारीचं कवच तेवढंच, त्याला लागणारी हवाही तेवढीच, मग ती उष्णता जाणार कुठे? काही जण कंट्रोलरच्या पाटीवरच्या, करंट मोजणाऱ्या शंटला डाख देतात, म्हणजे कंट्रोलरला प्रत्यक्षाहून कमी करंट दिसतो आणि तो जास्त सोडत राहतो. मोटारीचं रक्षण करणाऱ्या यंत्रणेचीच अशाने दिशाभूल होते. ५२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर ५८.८ दाखवते, पुष्कळ कंट्रोलरमधले कपॅसिटर ६३ व्होल्टचे असतात. चार व्होल्टांच्या फरकावर वैशाखातल्या दुपारी घाटात जाऊ नये. आणि बॅटरीच्या आतल्या सेलना जेवढा करंट देता येतो त्याहून जास्त ओढला, तर व्होल्टेज पडतं आणि सेल तापतात. त्यावर उपाय म्हणून बॅटरीतलं संरक्षक सर्किटच बगल देऊन जोडणारे कारागीर मी पाहिले आहेत. हे करू नये. घरात चार्जिंगला लावलेली वस्तू आहे ती.

नायलॉनच्या गिअरबद्दल फार गैरसमज आहे. मोटारीचं झाकण उघडलं की काळपट झालेल्या ग्रीसमध्ये तो दिसतो, टोंगशेंगमध्ये निळा. दाते झिजून एका बाजूला धारदार झालेले, क्वचित दोन-तीन पार सोलून निघालेले. हातात घेतला की प्लास्टिकच वाटतो आणि कंपनीने फसवलं असं मालकाला वाटतं. पण तो तिथे मुद्दाम ठेवलेला आहे. त्याच्यामुळे मोटार आवाज करत नाही, आणि कुठे काही अडकलं, चेन फसली, तर सगळ्यात स्वस्त भाग आधी तुटतो. धातूचा गिअर टाकला की आवाज वाढतो आणि तोच धक्का पुढे क्लचला, बेअरिंगला, कंट्रोलरला बसतो. तुटण्याची जागा स्वस्त भागावरून महाग भागावर सरकली, एवढंच होतं. नायलॉनचा एक जादा गिअर आणि योग्य ग्रीसची डबी घरात ठेवणं हा यापेक्षा कितीतरी शहाणपणाचा खर्च आहे.

आणि चेन. माणूस साठ फेऱ्यांच्या गतीने शंभर वॉट देतो तेव्हा क्रँकवर सरासरी १६ न्यूटन-मीटर पडतात. सायकलची चेन या मापाच्या कामासाठी घडवलेली असते. उभं राहून पायडल मारताना येणारे मोठे झटके ती सोसते, पण ते झटकेच असतात. तिच्यावर १६० सलग टाकले तर ती दहापट कामाला जुंपली गेली. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर कोणतंही महागडं हत्यार लागत नाही. पोलादी फूटपट्टी घ्या, चेन ताणून धरा, एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा आणि चोविसावी पिन बघा. नव्या चेनला ती बरोबर बारा इंचांवर असते. एक सोळांश इंच पुढे गेली की चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश गेली तर फ्रीव्हीलचे दातेही हुकासारखे वाकलेले असतात आणि नवी चेन त्यांच्यावर उड्या मारते. गिअर बदलतानाही मोटार जोर लावत राहिली, तर हे सगळं आणखी लवकर होतं. म्हणून गिअरच्या वायरवर बसणारा, गिअर बदलताना क्षणभर मोटार थांबवणारा छोटा सेन्सर हे माझ्या मते कोणत्याही मिड-ड्राइव्हचं पहिलं अपग्रेड आहे. दुसरं म्हणजे ब्रेकच्या दांडीला जोडलेला कट-ऑफ. तिसरं, मोटारीच्या सेटिंगमध्ये सुरुवातीचा झटका कमी करणं. या तिन्हींनी वॉट एकानेही वाढत नाहीत, आणि सायकल मात्र बदलून जाते.

वेगाचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण तो भीतीतून येतो आणि ती भीती खरी आहे. पंचविसाच्या वेगाने गेलं की मागून डंपर अंगावर येतात, चाळिसाने गेलं तर गाड्यांच्या बरोबरीने चालता येतं, असं म्हणणारे लोक रोज त्या रस्त्यावरून जातात. पण सायकल म्हणजे काय हे विसरून चालणार नाही. ताठ बसलेल्या माणसाला सपाटीवर २५ च्या वेगाला साधारण दोनशे वॉट लागतात, ४० ला सहाशेच्या वर. दर किलोमीटरचा बॅटरीचा खर्च दुप्पट होतो, म्हणजे पल्ला निम्मा. २५ वरून ४५ वर गेलं की थांबवायची ऊर्जा सव्वातीनपट. ती थांबवणार कोण? ओल्या पोलादी रिमवर घासणारे रबराचे गट्टू आणि पंधराच्या वेगासाठी बनवलेला पुढचा चिमटा? ज्याला खरोखर चाळिसाने जायचं आहे त्याने नोंदणी केलेली इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी. तिला त्या वेगाचे ब्रेक, टायर, दिवे आणि आरसे असतात.

ओझं वाहणाऱ्यांचंही असंच. दूध, भाजी, गॅसची टाकी घेऊन चढ चढणाऱ्याला मी अडीचशेचं प्रवचन देणार नाही. सगळं मिळून १९० किलो असेल तर आठ टक्क्यांच्या चढावर सहाच्या वेगाने जावं लागेल, आणि त्या वेगाला भरलेली दुचाकी डळमळते. हे काम तीनचाकीचं आहे, नोंदणी केलेल्या मालवाहू गाडीचं आहे. हजार वॉटची मोटार लावून सायकलच्या फ्रेमवर आणि त्या माणसाच्या मणक्यावर ते लादणं हा त्याच्यावरचा उपकार नव्हे.

शेवटचा मुद्दा कायद्याचा. तो सगळ्यात हलक्यात घेतला जातो. ‘कोण बघतंय’ हे उत्तर मी इतक्या चांगल्या माणसांकडून ऐकलं आहे की त्याचा मला राग येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, आणि मान्य चाचणी संस्थेने ते तपासलेलं असेल, तर ती बॅटरीवरची सायकल मोटार वाहन धरली जात नाही. परवाना नको, नोंदणी नको, विमा नको. ही फार मोठी सवलत आहे. हद्द ओलांडली की तीच सायकल कायद्याने मोटार वाहन होते, आणि घरी बसवलेल्या किटला नोंदणी मिळणार तरी कशी? त्या जोडणीची कुठल्याही संस्थेने चाचणी घेतलेली नसते. नोंदणी नाही म्हणून विमा नाही. पोलिसाने बघितलं नाही, ठीक. पण रस्ता ओलांडणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला धक्का लागला, तिचं खुब्याचं हाड मोडलं, तर मोटार वाहन कायद्यातलं विम्याचं जे कलम जखमी माणसाच्या भरपाईसाठी आहे, त्याचा आधार तिला नाही. भरपाई चालवणाऱ्याच्या खिशातून, आणि त्याचा खिसा रिकामा असेल तर तिला काहीच नाही. ‘कोण बघतंय’ म्हणणाऱ्याच्या हिशोबात ही बाई कधी येतच नाही. आणि असे चार अपघात झाले की निर्बंध येतील ते सगळ्यांवर; त्यात अडीचशेच्या मदतीने शाळेत जाणारी मुलगीही सापडेल.

मग घ्यायचं तरी काय? आधी आपली सायकल उलटी करून बघावी. क्रँक कॉटर पिनचा असेल, तर बहुतेक किट सरळ बसणार नाही. किटसाठी फ्रेममधलं, क्रँकचा दांडा ज्यातून जातो ते नळकांडं ६८ मिलिमीटरचं, आट्यांचं लागतं. ब्रेक बघावेत, शक्यतो डिस्क असावेत. मागे गिअर किती आहेत ते बघावं. चेनव्हील ४२ च्या खाली न्यायचं असेल, तर बाफांगमध्ये चेनची रेघ बाहेर सरकते, तेव्हा सोपा गिअर मागच्या बाजूला शोधावा. आणि ज्या मोटारीचे सुटे भाग आपल्या गावात किंवा जवळच्या शहरात मिळतात, तीच घ्यावी, मग ती कमी वॉटची का असेना.

विक्रेत्यांकडून माझी अपेक्षा साधी आहे. बिलावर तीस मिनिटांची शक्ती छापावी, ‘२५०/७५०’ असा दुहेरी आकडा नको. मोटारीबरोबर नायलॉनचा एक गिअर द्यावा आणि तो कसा बदलायचा ते दाखवावं. शंटला डाख देऊन मागणाऱ्याला नाही म्हणावं. आणि ज्याच्या सायकलला मागे एकच गिअर आहे, त्याला आधी सात गिअरचं फ्रीव्हील बसवून द्यावं, मोटारीचं बिल त्यानंतर फाडावं.